कॅरिबियन किनाऱ्यावर पहिल्यांदा हॉटेल निवडताना: आधी किनारा, मग खोली

समुद्र पश्चिमेला असतो, ही गोष्ट मुंबईत किंवा कोकणात वाढलेल्या माणसाच्या इतकी अंगवळणी पडलेली असते की तिचा वेगळा विचार करावा लागत नाही. मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावर, म्हणजे कॅनकून, प्लाया देल कार्मेन आणि तुलुम ज्या किंताना रो राज्यात आहेत तेथे, समुद्र पूर्वेला आहे. सूर्य पाण्यातून वर येतो आणि संध्याकाळी हॉटेलच्या मागच्या झाडीत मावळतो. गॅलरीत बसून सूर्यास्त पाहायचा या इच्छेने ‘सी व्ह्यू’ची महाग खोली घेतलेली कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि पहिल्या खेपेला आमचीही तीच समजूत होती.

ह्यूस्टनहून कॅनकूनला जायला विमानाने अडीच-एक तास लागतात. त्यामुळे टेक्सासात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हा जवळचा समुद्र आहे, आणि भारतातून आई-वडील आले की अनेक जण त्यांना घेऊन येथे जातात. हॉटेल शोधायला बसल्यावर आपण साधारणपणे दर, तारे आणि पाहुण्यांचे अभिप्राय या क्रमाने जातो. मला हा क्रम उलटा करावासा वाटतो. या किनाऱ्यावर आधी पाणी निवडावे, मग महिना, मग पुळणीचा नेमका तुकडा, आणि हॉटेल व खोली सर्वांत शेवटी निवडावी. हॉटेलवाले खोली बदलून देऊ शकतात, जेवण सुधारू शकतात, पण समोरचा समुद्र बदलणे कोणाच्याच हातात नसते.

पहिली पायरी: ‘बीचफ्रंट’ म्हणजे काय ते नक्की करावे

जाहिरातीत ‘बीचफ्रंट’ हा शब्द किमान तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरलेला आढळतो. काही हॉटेलांची जागा खरोखरच वाळूला भिडलेली असते. काही हॉटेले रस्त्याच्या अलीकडे असतात आणि पलीकडच्या एखाद्या ‘क्लुब दे प्लाया’शी, म्हणजे किनाऱ्यावरच्या खुर्च्या-छत्र्यांच्या जागेशी, त्यांचा करार असतो. आणि काही हॉटेले समुद्राला लागून असली तरी समोर वाळू नसून खडक असतो व पाण्यात शिडीने उतरावे लागते. स्पॅनिश संकेतस्थळावर ‘फ्रेंते आल मार’ असे लिहिले असेल तर त्याचा अर्थ समुद्रासमोर एवढाच आहे. त्यात वाळूचे आश्वासन नाही.

येथेच एक कायद्याची गोष्ट लक्षात घ्यावी. मेक्सिकोत समुद्रकिनारा ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि किनाऱ्यालगतची 20 मीटर रुंदीची पट्टी संघराज्याच्या ताब्यात असते. हॉटेलला त्या पट्टीचा वापर करण्याची परवानगी मिळू शकते, मालकी मिळत नाही. म्हणून ‘खासगी बीच’ या शब्दांवर जास्त पैसे देऊ नयेत. त्या जागी हॉटेलच्या खुर्च्या असतील, सुरक्षारक्षक असेल, पण वाळूवरून चालत जाणाऱ्या इतरांना अडवण्याचा हक्क हॉटेलला नाही. याचा फायदा आपल्यालाही आहे. एखाद्या वर्षी बजेट कमी असेल तर गावातल्या साध्या हॉटेलात राहून रोज सार्वजनिक वाटेने त्याच समुद्रावर जाता येते.

दुसरी पायरी: किनाऱ्याचे तोंड कोणीकडे आहे ते पाहावे

ही पायरी मी सर्वांत महत्त्वाची मानतो, म्हणून तिच्यावर थोडा अधिक वेळ घालवतो.

कॅनकूनचा हॉटेलांचा भाग, ज्याला ‘सोना ओतेलेरा’ म्हणतात, तो इंग्रजी सातच्या आकड्यासारखा दिसणारा वाळूचा चिंचोळा पट्टा आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला निचुप्ते नावाचे खाजण आणि मधून जाणारा बुलेवार कुकुलकान हा रस्ता. 1970 च्या सुमारास मेक्सिकन सरकारने योजनापूर्वक वसवायला घेतलेले हे शहर असल्यामुळे पत्ते समजायला सोपे आहेत. हॉटेलचा पत्ता या रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडावरून सांगितला जातो, आणि त्या एका आकड्यावरून समोर कसे पाणी असेल याचा अंदाज येतो. साताच्या आडव्या रेघेवर, म्हणजे साधारण नवव्या किलोमीटरपर्यंत, किनाऱ्याचे तोंड उत्तरेला आहे. समोर इस्ला मुहेरेस हे बेट असल्याने मधला उपसागर बऱ्यापैकी शांत राहतो आणि लहान मुले व वयस्कर माणसे तेथे निर्धास्तपणे पाण्यात उभी राहू शकतात. पुंता कॅनकून हे टोक ओलांडून साताच्या उभ्या रेघेवर गेले की तोंड पूर्वेला होते. तेथे पुळण अधिक रुंद आणि भव्य आहे आणि जाहिरातीतला निळा रंग तेथेच दिसतो, परंतु समोर आडवे काहीच नसल्याने लाटा मोठ्या असतात आणि पाण्याला आत ओढ असते. पोहता येणाऱ्यांनीही तेथे बेताने उतरावे.

दक्षिणेकडे निघाले की विमानतळापासून सुमारे 20 किलोमीटरवर पुएर्तो मोरेलोस हे छोटे गाव लागते. मेसोअमेरिकन प्रवाळभिंत सुमारे 1000 किलोमीटर लांब आहे, आणि तिचा एक भाग या गावासमोर किनाऱ्यापासून अगदी जवळून जातो. लाटा त्या भिंतीवरच फुटतात, म्हणून आतले पाणी शांत असते, आणि छोट्या होडीने थोडे आत जाऊन पाण्याखाली पाहायचा मुखवटा लावला की प्रवाळ व मासे दिसतात. तळाशी समुद्री गवत असल्याने पायाला मऊ वाळू सगळीकडे लागत नाही, हे मात्र आधीच माहीत असावे. तेथून पुढे, विमानतळापासून 55 किलोमीटरच्या आसपास, प्लाया देल कार्मेन येते. ज्यांना संध्याकाळी हॉटेलबाहेर पडून चालायचे, खायचे, माणसे पाहायची आहेत, त्यांनी हे गाव निवडावे. ‘किंता आवेनिदा’ हा पादचाऱ्यांचा रस्ता समुद्राला समांतर जातो आणि गाडीशिवाय आठवडा सहज निघतो. पुळण मात्र काही ठिकाणी झिजून अरुंद झाली आहे.

तुलुम हे कॅनकूनच्या विमानतळापासून सुमारे 120 किलोमीटरवर आहे, आणि डिसेंबर 2023 पासून त्याचा स्वतःचाही विमानतळ आहे. येथे एक फसगत हमखास होते. तुलुम गाव हमरस्त्यावर आहे आणि समुद्र गावापासून काही किलोमीटर दूर आहे. ‘तुलुममधील हॉटेल’ एवढे वाचून आरक्षण केले तर समुद्र टॅक्सीच्या अंतरावर असू शकतो. जी हॉटेले खरोखर वाळूवर आहेत ती एका अरुंद रस्त्यावर ओळीने आहेत. त्यांतली काही हॉटेले वीज स्वतःच्या जनरेटरवर किंवा सौरपट्ट्यांवर चालवतात, आणि काहींत वातानुकूलन ठरावीक तासच चालते. तुलुमचे सौंदर्य मी नाकारत नाही. कड्यावरचा माया लोकांचा कोट आणि त्याखालचा समुद्र एकदा पाहावाच असा आहे. परंतु पहिल्या खेपेला, विशेषतः वयस्कर मंडळी बरोबर असताना, तेथे राहण्यापेक्षा एक दिवस जाऊन यावे असे माझे स्पष्ट मत आहे.

बेटांचा विचार वेगळा करावा. इस्ला मुहेरेसला कॅनकूनहून फेरीने वीसेक मिनिटांत पोहोचता येते, आणि तिच्या उत्तर टोकावरच्या ‘प्लाया नोर्ते’वर पाणी बऱ्याच अंतरापर्यंत कमरेएवढेच असते. पोहता न येणाऱ्यांसाठी याहून चांगली जागा मला या किनाऱ्यावर ठाऊक नाही, आणि तेथे सूर्यास्तही पाण्यात होतो. कोसुमेल बेटाची हॉटेले पश्चिमेच्या, वाऱ्यापासून आडोशाला असलेल्या बाजूला आहेत. पाणी स्वच्छ, स्कूबा डायव्हिंग करणाऱ्यांसाठी उत्तम, पण अनेक हॉटेलांसमोर खडक आहे. ‘ओलबोश’ असा उच्चार असलेले होलबॉक्स बेट उत्तरेला, मेक्सिकोच्या आखाताच्या तोंडाशी आहे. तेथे मोटारी नाहीत, रस्ते वाळूचे आहेत आणि पाणी उथळ आहे, पण पोहोचायला रस्ता आणि फेरी मिळून जवळजवळ अर्धा दिवस जातो.

तिसरी पायरी: महिना ठरवताना शेवाळाचा हिशेब धरावा

आमची पहिली सहल जून महिन्यात झाली. आई-बाबा बरोबर होते, हॉटेल नीटनेटके होते आणि खोलीतून समुद्र दिसत होता. पहाटे खाली उतरलो तेव्हा पाण्याच्या काठाने तपकिरी शेवाळाचा गुडघाभर उंच बांध साचला होता. दहा-बारा कामगार काट्याच्या फावड्यांनी ते ढकलगाडीत भरत होते, आणि एक गाडी रिकामी होऊन परत येईपर्यंत पुढची लाट तेवढेच शेवाळ पुन्हा आणून टाकत होती. उन्हे वर आल्यावर कुजलेल्या अंड्यांसारखा वास सुटला. आई तरीही काठाकाठाने चालली, आणि तिसऱ्या दिवशी तिच्या पायातली चांदीची जोडवी काळवंडली होती. कुजणाऱ्या शेवाळातून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो आणि चांदी काळी पडण्याचे कारण तेच असते, हे मला नंतर कळले.

या शेवाळाला शास्त्रीय भाषेत सार्गासम आणि स्थानिक स्पॅनिशमध्ये ‘सार्गासो’ म्हणतात. ते समुद्राच्या तळाला चिकटलेले नसते, तरंगत वाढते. 2011 पासून अटलांटिकमध्ये त्याचा प्रचंड पट्टा दिसू लागला आहे. जून 2018 मध्ये उपग्रहांच्या चित्रांवरून मोजलेला पट्टा पश्चिम आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत सुमारे 8,850 किलोमीटर लांब होता आणि त्याचे वजन 2 कोटी टनांहून अधिक होते. वारा आणि प्रवाह ते पूर्वेकडून आणतात, म्हणून ज्या किनाऱ्याचे तोंड पूर्वेला आहे तेथे ते साचते. तुलुम, प्लाया देल कार्मेन, पुएर्तो मोरेलोस आणि कॅनकूनची उभी रेघ हे सगळे त्याच्या वाटेत येतात. प्लाया नोर्ते, कोसुमेलची पश्चिम बाजू आणि कॅनकूनची आडवी रेघ यांना त्याचा उपद्रव तुलनेने पुष्कळ कमी होतो. दुसऱ्या पायरीत दिशेवर एवढा भर दिला तो यामुळे.

साधारणपणे मार्च-एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत, आणि काही वर्षी त्याही पुढे, सार्गासो येण्याची शक्यता धरावी. जूनमध्येच जाणे भाग असेल तर पूर्वेकडचे तोंड टाळावे, किंवा हॉटेलने समुद्रात जाळीचा बांध घातला आहे का हे विचारावे. साउथ फ्लोरिडा विद्यापीठ दर महिन्याला या पट्ट्याचा अंदाज प्रसिद्ध करते. तो वाचून निदान वर्ष जड आहे की हलके हे समजते.

चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर असतो, आणि त्यातही ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंतचा काळ जोखमीचा आहे. सप्टेंबर 1988 मध्ये गिल्बर्ट आणि ऑक्टोबर 2005 मध्ये विल्मा या वादळांनी कॅनकूनला झोडपले. विल्मा तर एक दिवसाहून अधिक काळ या भागावर रेंगाळले आणि पुळणीची वाळूच घेऊन गेले. नंतर समुद्रतळातून वाळू उपसून किनारा पुन्हा भरावा लागला. या महिन्यांत दर उतरतात, ते याच कारणाने. हिवाळ्यात वादळ नसते, पण उत्तरेकडून थंड वाऱ्याची लाट येते. तिला ‘नोर्ते’ म्हणतात. ती दोन-तीन दिवस टिकते, हवा गार होते, समुद्र खवळतो आणि फेऱ्या बंद राहू शकतात. एरवी शांत असलेले उत्तरेकडचे किनारे नेमके त्या दिवसांत खवळलेले असतात.

हे सगळे जमेस धरता पहिल्या खेपेसाठी नोव्हेंबरचा शेवट आणि डिसेंबरचे पहिले दोन आठवडे मला सर्वांत योग्य वाटतात. नाताळ ते नववर्ष आणि ईस्टरच्या आधीचा ‘सेमाना सांता’ हा आठवडा, या दिवसांत दर आणि गर्दी दोन्ही शिगेला असतात. मार्च महिन्यात अमेरिकी महाविद्यालयांच्या सुट्ट्या असतात, आणि कॅनकूनमधील काही हॉटेलांत रात्रभर संगीत चालते.

चौथी पायरी: पुळण नकाशावर मोजावी

कोकणातला माणूस पुळणीची रुंदी भरती-ओहोटीवरून समजून घेतो. मुंबईला उधाणाच्या दिवशी भरतीचे पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढते, आणि सकाळी अर्धा फर्लांग दिसणारी वाळू दुपारी नाहीशी होते. किंताना रोच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीचा फरक जेमतेम वीतभर असतो. याचा अर्थ असा की तेथे पुळण अरुंद दिसली तर ‘ओहोटीला वाढेल’ अशी आशा धरू नये. जी आहे ती तेवढीच आहे. ती बदलते ती वादळाने, लाटांनी आणि शेजारच्या बांधकामाने, म्हणजे महिन्या-वर्षांच्या हिशेबाने.

म्हणून नकाशावर उपग्रहाचे चित्र उघडावे, हॉटेलचे नाव शोधावे, आणि अंतर मोजण्याच्या सोयीने शेवटच्या इमारतीपासून पाण्यापर्यंतचे मीटर मोजावेत. दहा मीटरपेक्षा कमी भरले तर खुर्च्या मांडल्यावर चालायला जागा उरणार नाही असे समजावे. गूगल अर्थवर जुन्या वर्षांची चित्रेही पाहता येतात. चार-पाच वर्षांची चित्रे पुढे-मागे करून पाहिली की पुळण झिजते आहे का ते उघड दिसते. पाण्यात काळे ठिपके दिसले तर तो खडक किंवा समुद्री गवत असते. वाळूच्या पिशव्यांच्या लांब नळ्या किंवा दगडी बांध दिसले तर वाळू टिकवण्याची धडपड चालू आहे हे ओळखावे. शेजारच्या भूखंडावर क्रेन किंवा नुकतीच तोडलेली झाडी दिसली तर बांधकामाच्या आवाजाविषयी हॉटेलला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

यानंतर अभिप्राय वाचावेत. हॉटेलने लावलेली छायाचित्रे बाजूला ठेवावीत, पाहुण्यांची छायाचित्रे तारखेप्रमाणे लावावीत, आणि आपण ज्या महिन्यात जाणार आहोत त्याच महिन्यातली, मागील दोन-तीन वर्षांची, पाहावीत. जानेवारीच्या सुंदर चित्रावरून जूनचा समुद्र ठरवता येत नाही.

पाचवी पायरी: खोलीची भाषा समजून घ्यावी

‘विस्ता आल मार’ म्हणजे खोलीतून समुद्र दिसतो. ‘विस्ता पार्सियाल’ म्हणजे गॅलरीच्या कोपऱ्यातून मान वळवली की दिसतो. ‘विस्ता लागुना’ म्हणजे कॅनकूनमध्ये मागच्या खाजणाचा देखावा. या शेवटच्या खोलीला लोक नाके मुरडतात, पण पूर्वाभिमुख हॉटेलात सूर्यास्त दिसतो तो याच बाजूने, आणि ती स्वस्तही असते. संध्याकाळी डास येतात, तेव्हा जाळीचे दार आहे का ते विचारावे. तळमजल्याची खोली मुलांना सोयीची असली तरी दमट असते आणि तेथून समुद्र बहुधा झाडांआड जातो. आई-वडिलांसाठी लिफ्ट आहे का, आणि खोलीपासून वाळूपर्यंत किती पायऱ्या आहेत, हे दोन प्रश्न देखाव्यापेक्षा महत्त्वाचे आहेत. मोठ्या रिसॉर्टमध्ये खोलीपासून समुद्र दहा-बारा मिनिटांच्या चालीवर असू शकतो.

सहावी पायरी: जेवणाची योजना, विशेषतः शाकाहारी असल्यास

या किनाऱ्यावर ‘तोदो इन्क्लुइदो’, म्हणजे सर्व जेवण-पेये धरलेला दर, फार प्रचलित आहे. कॅनकूनच्या उभ्या रेघेवर किंवा गावापासून दूर असलेल्या रिसॉर्टमध्ये राहायचे असेल आणि बरोबर मुले असतील तर तो परवडतो. प्लाया देल कार्मेन, पुएर्तो मोरेलोस किंवा इस्ला मुहेरेस येथे मात्र फक्त खोली घ्यावी, कारण चांगली खाणावळ चालत जाण्याच्या अंतरावर असते आणि तेथले जेवण रिसॉर्टच्या बुफेपेक्षा सरस असते.

शाकाहारी मंडळींनी पुढचे परिच्छेदभर लक्ष देऊन वाचावे. मेक्सिकोत घेवड्याच्या जातीच्या डाळी-उसळीसारखे पदार्थ विपुल आहेत, पण ‘फ्रिहोलेस रेफ्रितोस’ हा घोटलेला घेवडा पुष्कळदा ‘मान्तेका’त, म्हणजे डुकराच्या चरबीत, परततात, आणि लाल भात कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला असू शकतो. गव्हाच्या तोर्तियातही पुष्कळदा चरबी असते. मक्याची तोर्तिया मात्र मका, चुन्याची निवळी आणि पाणी एवढ्यावरच होते, आणि तव्यावरून उतरलेली गरम तोर्तिया हातात घेतली की भाकरीची आठवण येते. ‘शाकाहारी’ एवढे म्हणून भागत नाही, कारण मासे किंवा कोंबडी त्यात चालते असे काही वाढपी समजतात. म्हणून ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मान्तेका, सिन काल्दो दे पोयो’ असे पूर्ण सांगावे: मांस नको, कोंबडी नको, मासा नको, चरबी नको, कोंबडीचा रस्सा नको. आम्ही हे वाक्य कागदावर लिहून नेतो आणि आचाऱ्याला दाखवतो. बहुतेक आचारी आपुलकीने वेगळे करून देतात. या भागातली हाबानेरो मिरची ठेचा खाणाऱ्यालाही पेलेलच असे नाही, ती आधी जिभेच्या टोकावर घेऊन पाहावी. नळाचे पाणी पिऊ नये, आणि हॉटेल खोलीत रोज किती बाटल्या देते ते पाहावे.

सातवी पायरी: पूर्ण रक्कम आणि रद्द करण्याच्या अटी

मेक्सिकोत ‘$’ हे चिन्ह पेसोसाठीही वापरतात. दर कोणत्या चलनात आहे हे वाचल्याशिवाय आनंदून किंवा घाबरून जाऊ नये. दरात 16 टक्के मूल्यवर्धित कर आणि राज्याचा निवास कर धरलेला आहे का ते पाहावे. याशिवाय अनेक नगरपालिकांची ‘सानेआमिएंतो आम्बिएंताल’ ही पर्यावरण-फी खोलीमागे दर रात्रीला आकारली जाते आणि ती पुष्कळदा थेट स्वागतकक्षात भरावी लागते. परदेशी प्रवाशांसाठी राज्याचा ‘व्हिसिटॅक्स’ 2021 पासून वेगळा आहे. कार्डाने पैसे देताना यंत्र ‘डॉलर की पेसो’ असे विचारते, तेव्हा पेसो निवडावे, नाहीतर रूपांतराचा दर दुकानदाराच्या बँकेचा लागतो.

रद्द करता येणारा दर थोडा महाग असला तरी पहिल्या खेपेला तोच घ्यावा. एक कारण वादळ. हॉटेल वादळाच्या प्रसंगी पैसे परत देते की पुढच्या मुक्कामासाठी जमा ठेवते, हे अटींत शब्दशः वाचावे, आणि प्रवास विमा लवकर काढावा, कारण वादळाला नाव मिळाल्यानंतर काढलेल्या विम्यात ते वादळ धरले जात नाही. दुसरे कारण आपल्या पासपोर्टचे आहे. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा असेल, किंवा ग्रीन कार्ड असेल, तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. भारतातून अभ्यागत व्हिसावर आलेल्या आई-वडिलांनाही ही सवलत मिळते. परंतु ती सवलत पासपोर्टवरच्या व्हिसावर आहे, नोकरीच्या मंजुरीपत्रावर नाही. एच-वन-बीची मुदत वाढलेली असली पण व्हिसाची तारीख उलटून गेली असली, तर आधी कागदपत्रांचा निकाल लावावा आणि मगच परत न मिळणारे पैसे भरावेत. अमेरिकेत परतण्याचे नियमही त्याच वेळी तपासावेत.

आठवी पायरी: हॉटेलला पत्र लिहावे

दोन-तीन हॉटेले उरली की प्रत्येकाला थोडक्यात पत्र लिहावे. तुमची जागा थेट वाळूला लागून आहे की मध्ये रस्ता आहे. पाण्यात उतरताना वाळू आहे की खडक. या आठवड्यात समुद्रावर काढलेले एक छायाचित्र पाठवाल का. सार्गासो काढण्याचे काम किती वाजता होते. खुर्च्या-छत्र्या दरात आहेत की त्यांच्यासाठी ‘कोन्सुमो मिनिमो’, म्हणजे ठरावीक रकमेचे खाणे-पिणे, घ्यावे लागते. आणि आम्हाला मिळणारी खोली कोणत्या मजल्यावर, कोणत्या दिशेला आहे. उत्तर नेमके आले, छायाचित्रासह आले, तर त्या हॉटेलात पुढेही काळजी घेतली जाईल असा माझा अनुभव आहे. ‘आमचा किनारा स्वर्गासारखा आहे’ एवढेच उत्तर आले तर ते नाव यादीतून काढावे. मुक्काम मे ते ऑक्टोबरमध्ये असेल तर कासवांविषयीही विचारावे. या काळात समुद्री कासवे रात्री वाळूत अंडी घालायला येतात, आणि चांगली हॉटेले संध्याकाळी खुर्च्या उचलून किनाऱ्यावरचे दिवे मंद करतात. जे हॉटेल हे करते त्याला मी दोन पैसे जास्त द्यायला तयार असतो.

नववी पायरी: पोहोचल्यावर

कॅनकून विमानतळावर सामान तपासणीनंतर बाहेरच्या दाराआधी एक दालन लागते, आणि तेथे गणवेशातली माणसे ‘तुमची टॅक्सी कुठली’ असे विचारत पुढे येतात. त्यातले बरेच जण सुट्टीतल्या घरांचे हिस्से विकणारे असतात. न थांबता बाहेर पडावे आणि आधी ठरवलेली गाडी किंवा आदो कंपनीची बस घ्यावी. हॉटेलातही मोफत नाश्ता देऊन दीड तासाच्या सादरीकरणाला बसवण्याचा आग्रह होतो. तो दीड तास सहसा दीड तासात संपत नाही. किंताना रोचे घड्याळ वर्षभर एकच असते, त्यामुळे उन्हाळ्यात न्यू जर्सीच्या एक तास मागे आणि हिवाळ्यात ह्यूस्टनच्या एक तास पुढे वेळ आहे हे गाडी ठरवताना ध्यानात ठेवावे.

खोलीत गेल्यावर सामान उघडण्याआधी वातानुकूलन, गरम पाणी आणि गॅलरीचे दार तपासावे. काही बिघाड असेल तर त्याच क्षणी खाली जाऊन सांगावे, कारण कपडे कपाटात लागल्यानंतर खोली बदलून घेणे आपल्यालाच नकोसे होते.

मग समुद्रावर जाऊन आधी बावटा पाहावा. हिरवा असेल तर पाणी शांत आहे, पिवळा असेल तर सांभाळून उतरावे, लाल असेल तर पोहू नये, आणि काळा असेल तर पाण्यात पाऊलही टाकू नये. कॅनकूनच्या पूर्व बाजूला लाल बावटा असला म्हणून दिवस वाया जात नाही. कुकुलकान रस्त्यावर आर-1 आणि आर-2 या बस दिवसभर सुरू असतात. त्यांतली एक पकडून पाचव्या किलोमीटरजवळच्या प्लाया लांगोस्ताला किंवा त्यापुढच्या प्लाया तोर्तुगासला जावे. दोन्ही सार्वजनिक आहेत, दोन्हींचे तोंड उत्तरेला आहे, आणि नोर्तेचा वारा सुटलेला नसेल तर तेथे मुलांना कमरेएवढ्या पाण्यात तासभर खेळता येते.